बेटकास्टिंग रीळ : पहिली फेक आणि अंगठ्याची शिस्त

खाडीच्या कडेला बसून गरवणे हा कोकणातला फार जुना उद्योग आहे. हातात तंगूस, त्याच्या टोकाला गरी, गरीला कोळंबी आणि फेकायला मोकळा हात, एवढ्यावर तो चालतो. याच्या जोडीला आता हौशी मासेमारांच्या हातात काठी आणि रीळही दिसते. त्यांतील बहुतेकांचा प्रारंभ काठीखाली लटकणाऱ्या स्पिनिंग रिळाने होतो आणि ते एका दुपारीत हाताला वळण देते. त्यानंतर कधीतरी काठीच्या वर बसणारे, आटोपशीर, वजनदार असे दुसरे रीळ हाती येते. हेच बेटकास्टिंग रीळ. यातील ‘बेट’ म्हणजे आमिष आणि ‘कास्टिंग’ म्हणजे फेकणे.

या रिळाची पहिली ओळख बहुधा वाईट ठरते. जोराने फेक केली जाते, आमिष दहा-बारा हातांवर धपकन पडते आणि रिळात तंगुसाचा असा काही गोळा होतो, की तो सोडवण्यात संध्याकाळ संपते. इंग्रजी बोलणारे मासेमार या गोळ्याला ‘पक्ष्याचे घरटे’ म्हणतात. अनेकांचा प्रवास या घरट्याशीच थांबतो आणि रीळ कपाटात जाते. वस्तुतः दोष रिळाचा नसतो आणि शिकणाऱ्याच्या हाताचाही नसतो. शिकण्याचा क्रम चुकलेला असतो. तो क्रम काय असावा आणि त्यामागचे कारण काय, हे समजून घेतल्यास हे यंत्र आठवडाभरात आवाक्यात येते.

रचना कशी असते?

स्पिनिंग रिळात दोर गुंडाळलेला स्पूल फेकीच्या वेळी स्थिर राहतो आणि त्याच्या तोंडावरून वेटोळी सुटत जातात. आमिष थांबले की वेटोळी सुटायची थांबतात. बेटकास्टिंग रिळात याच्या उलट घडते. येथे स्पूल आडव्या आसावर बसवलेला असतो आणि दोर बाहेर जाताना तो स्वतः गरगर फिरतो.

काठी हातात धरली की अंगठा आपोआप स्पूलवर येतो. त्याच्या मागे किंवा खाली एक बटण वा पट्टी असते. ती दाबली की स्पूल मोकळा होतो. हँडल फिरवले की तो पुन्हा दातऱ्यांत अडकतो. हँडल आणि रिळाचा देह यांच्यामध्ये चांदणीच्या आकाराचे एक चाक असते. मासा ओढू लागला तर किती ताणावर दोर सुटू द्यायचा, हे या चाकाने ठरते. यालाच ड्रॅग म्हणतात. फेकीशी त्याचा संबंध नाही. फेकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या गोष्टी तीन : हँडलच्या बाजूला असलेली स्पूलच्या आसावर दाब देणारी छोटी गोल कळ, विरुद्ध बाजूच्या झाकणातील ब्रेक आणि आपला अंगठा.

समोरच्या बाजूला एक लहानसे कडे डावीउजवीकडे सरकत असते. दोर परत गुंडाळताना तो स्पूलवर सारखा पसरावा, हे त्याचे काम.

गुंता का होतो?

आड्यावरचा रहाट ज्यांनी वापरला आहे, त्यांना हे सांगण्याची गरज पडू नये. पोहरा विहिरीत मोकळा सोडला की रहाट वेगाने फिरू लागतो. पोहरा पाण्याला टेकतो, दोराची ओढ संपते. पण रहाटाला आलेली गती संपत नाही. तो तसाच फिरत राहतो आणि दोर सैल पडून अडकतो. म्हणून जाणती माणसे पोहरा सोडताना रहाटाच्या लाकडावर तळहात टेकवून ठेवतात. पतंगाच्या आसारीचेही तसेच आहे. मांजाची ओढ एकाएकी कमी झाली आणि आसारी धरणाऱ्याने ती आवरली नाही, तर मांज्याचा गुंता ठरलेला.

बेटकास्टिंग रिळात हेच घडते, फक्त फार वेगाने. आमिष काठीच्या टोकापासून सुटते तेव्हा त्याचा वेग सर्वाधिक असतो. सेकंदाला २० मीटर वेग धरला आणि स्पूलवरील दोराचा व्यास ३४ मिलिमीटर असेल, तर स्पूलला सेकंदाला सुमारे १८७ फेरे, म्हणजे मिनिटाला ११ हजारांहून अधिक फेरे घ्यावे लागतात. हवेच्या विरोधामुळे आमिषाचा वेग लगेच उतरू लागतो. स्पूलला मात्र हवेचा तसा अडथळा नाही. समजा आमिषाचा वेग २० वरून १५ मीटरवर आला आणि स्पूल जुन्याच वेगाने केवळ सेकंदाच्या दहाव्या भागापुरता फिरत राहिला, तरी अर्धा मीटर दोर जास्तीचा सुटतो. त्याला ओढून नेणारे पुढे कोणी नसते. तो स्पूलवरच फुगतो, त्याखालून येणारा दोर त्यात अडकतो आणि घरटे तयार होते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. गुंत्याचे धोक्याचे क्षण दोन असतात. पहिला फेकीच्या आरंभी, जेव्हा झटक्यामुळे स्पूलला अवाजवी गती मिळते. दुसरा अखेरीस, जेव्हा आमिष पाण्याला टेकते आणि स्पूल फिरतच राहतो. पहिला क्षण ब्रेक सांभाळू शकतो. दुसरा अंगठ्यालाच सांभाळावा लागतो.

घड्याळजींची देणगी

या रिळाचा इतिहास अमेरिकेतील केंटकी राज्याशी जोडलेला आहे. हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे अनेक फेरे होणारी रिळे इंग्लंडमध्ये त्याआधीही होती. पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत केंटकीतील पॅरिस या गावचे घड्याळजी जॉर्ज स्नायडर यांनी अशा रिळाला जी सफाई दिली, तिच्यातून आजच्या बेटकास्टिंग रिळाची परंपरा सुरू झाली असे मानले जाते. पुढे फ्रँकफर्ट येथील जोनाथन आणि बेंजामिन मीक या बंधूंनी हे काम नावारूपाला आणले. तेही घड्याळजीच होते. दातऱ्या कापण्याची आणि आस तोलण्याची जी नजर घड्याळाला लागते, तीच येथे उपयोगी पडली.

दोर सारखा पसरवणारे सरकते कडे मिशिगन राज्यातील कलमझू येथील विल्यम शेक्सपियर (धाकटे) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आणले. नावाखेरीज इंग्रज नाटककाराशी त्यांचा संबंध नाही. विसाव्या शतकात स्वीडनमधील स्वँगस्टा या गावच्या आबू कंपनीने १९५० च्या दशकाच्या प्रारंभी ‘अँबॅसडर’ ही रिळे बाजारात आणली. ही कंपनी १९२१ मध्ये घड्याळांचा कारखाना म्हणून सुरू झाली होती, हा योगायोगही लक्षणीय आहे. त्यानंतर जपानी कंपन्यांनी या यंत्राला सपाट, हलके रूप दिले. १९८० च्या दशकात चुंबकीय ब्रेक रूढ झाले, तर २००० च्या दशकात शिमानो कंपनीने इलेक्ट्रॉनिक चिपने नियंत्रित होणारा ब्रेक आणला. दोनशे वर्षांची ही सारी धडपड एकाच प्रश्नाभोवती आहे : मोकळा फिरणारा स्पूल योग्य क्षणी आवरायचा कसा?

ब्रेकचे दोन प्रकार

झाकणातील ब्रेक सामान्यतः दोन तत्त्वांवर चालतात. पहिला केंद्रोत्सारी ब्रेक. यात स्पूलवर छोटे प्लास्टिकचे ठोकळे असतात. स्पूल फिरला की ते बाहेर फेकले जातात आणि धातूच्या कड्याला घासतात. वेग दुप्पट झाला तर हा दाब चौपट होतो. म्हणजे फेकीच्या आरंभी तो जोरात लागतो आणि वेग उतरला की जवळजवळ नाहीसा होतो.

दुसरा चुंबकीय ब्रेक. स्पूल अॅल्युमिनियमचा असतो. तो चुंबकाला चिकटत नाही. परंतु चुंबकाजवळून फिरताना त्यात विजेचे भोवरे निर्माण होतात आणि ते त्याच्या गतीला विरोध करतात. घरातील जुन्या विजेच्या मीटरमध्ये फिरणारी अॅल्युमिनियमची चकती आठवून पाहावी. ती बेफाम फिरू नये म्हणून तेथेही हाच उपाय योजलेला असे. या ब्रेकचा जोर साधारणपणे वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि कमी वेगातही तो काहीसा टिकून राहतो. बाहेरील आकड्यांची चकती फिरवून तो कमीजास्त करता येतो, झाकण उघडावे लागत नाही. त्यामुळे नवशिक्याला तो सोयीचा वाटतो. दोन्हींपैकी कोणताही असला तरी शिकण्याचा क्रम बदलत नाही.

साहित्याची निवड

शिकताना होणारी सर्वांत मोठी गफलत म्हणजे हलके आमिष. स्पूलला गती देण्याचे काम आमिषाच्या वजनाने होते. ते पाच-सात ग्रॅमचे असेल तर स्पूल नीट फिरत नाही, मग माणूस जोर लावतो आणि जोरामुळे गुंता होतो. सरावासाठी १४ ग्रॅमच्या आसपासचे, बिनगळाचे वजन घ्यावे. रबरी सरावाचे वजन मिळाले तर उत्तम; नाहीतर शिशाचा गोलाकार तुकडा किंवा लोखंडी नटही चालतो.

काठी साडेसहा ते सात फुटांची, मध्यम ताकदीची असावी. बेटकास्टिंगची काठी निराळी असते : तिच्या कड्या वरच्या बाजूला असतात आणि मुठीखाली तर्जनीसाठी बंदुकीच्या चापासारखा उंचवटा असतो. स्पिनिंगच्या काठीवर हे रीळ बसवू नये. फार ताठ काठी नवशिक्याला झटका द्यायला लावते. किंचित लवचीक काठी वजन स्वतःच पुढे नेते.

दोर म्हणून प्रारंभी साधा नायलॉनचा तंगूस, सुमारे ०.३३ ते ०.३५ मिलिमीटर जाडीचा, घ्यावा. विणलेला दोर अधिक मजबूत व बारीक असतो, पण त्याचा गुंता सोडवणे कठीण जाते. तो स्वतःच्याच थरांत रुततो आणि बोटही कापतो.

हँडल उजवीकडे की डावीकडे, हा प्रश्न सवयीचा आहे. उजव्या हाताने फेकणाऱ्याने उजव्या हँडलचे रीळ घेतले, तर प्रत्येक फेकीनंतर काठी डाव्या हातात द्यावी लागते. डाव्या हँडलमध्ये हा बदल टळतो. मात्र हे हँडल रिळाच्या दुसऱ्या बाजूला काढून बसवता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वीच निर्णय करावा.

दोर भरताना

तंगुसाचे टोक सरकत्या कड्यातून आत घेऊन स्पूलला घट्ट गाठ मारावी. दोराची गुंडाळी पेन्सिलीवर ओवून कोणाच्या तरी हाती द्यावी, म्हणजे ती रिळाच्या स्पूलप्रमाणेच आसाभोवती फिरेल आणि दोराला पीळ पडणार नाही. ओल्या फडक्यात दोर चिमटीत धरून, ताण देत गुंडाळावा. सैल भरलेला दोर पुढच्या गुंत्याचे बीज असते.

स्पूल काठोकाठ भरू नये. पुढे सरावलेला माणूस कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडतो. नवशिक्याने स्पूल अर्धाच भरावा. दोर कमी म्हणजे स्पूल हलका, आणि हलका स्पूल आवरायला सोपा.

यानंतर एक छोटी युक्ती करावी. मैदानावर सुमारे २५ मीटर दोर बाहेर ओढावा आणि स्पूलवर उरलेल्या दोरावर चिकटपट्टीचा तुकडा आडवा लावावा. मग बाहेरचा दोर ताण देत परत गुंडाळावा. आता कितीही वाईट गुंता झाला तरी तो पट्टीच्या खाली जाऊ शकत नाही. या एका तुकड्याने मनातली निम्मी भीती जाते.

फेकण्यापूर्वीची जुळणी

काठी आडवी, डोळ्यांच्या उंचीला धरावी. वजन टोकाशी लटकू द्यावे. अंगठा स्पूलवर ठेवून बटण दाबावे आणि अंगठा हळूच उचलावा. बाजूची गोल कळ अशी पिळावी, की वजन सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. टेकल्यानंतरही स्पूल फिरत राहिला तर कळ आणखी आवळावी. वजन खालीच येत नसेल तर किंचित सैल करावी. वजन बदलले की ही जुळणी पुन्हा करावी लागते.

झाकणातील ब्रेक पहिल्या दिवशी सर्वाधिक आकड्यावर ठेवावा. फेक लांब जाणार नाही. ती जाणे अपेक्षितही नाही.

कोरड्या जमिनीवरचे धडे

पहिला धडा फेकीचा नव्हेच. काठी आडवी धरून वजन सोडावे आणि ते जमिनीपासून वीतभर उंचीवर असताना अंगठ्याने थांबवावे. हे वीस-पंचवीस वेळा करावे. अंगठा स्पूलवर सपाट न टेकवता त्याची कड दोराला आणि स्पूलच्या काठाला लागेल असा ठेवावा. दाब द्यायचा तो माशीला बसवून ठेवण्याइतका. थांबवायचे असेल तेव्हाच पक्का.

दुसरा धडा लहान फेकीचा. मैदानात दहा मीटरवर बादली किंवा जुने टायर ठेवावे. वजन टोकापासून वीतभर खाली लटकू द्यावे. हाताची पाठ आकाशाकडे येईल असे मनगट वळवावे. रीळ आडवे होते आणि मनगट मोकळे वळते. काठी मागे नेऊन, न थांबता, झोका दिल्यासारखी पुढे आणावी. काठी मागे वाकली की तिच्यात साठलेली ताकदच वजन पुढे नेते, त्यात हाताने भर घालण्याची गरज नसते. काठी लक्ष्याच्या दिशेने येत असताना अंगठ्याचा दाब हलका करावा. तो पूर्ण उचलू नये. वजन आकाशात गेले तर अंगठा लवकर सुटला, पायाशी आपटले तर उशिरा सुटला. एवढ्या एका खुणेवरून स्वतःची दुरुस्ती करता येते.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा : वजन जमिनीला टेकण्यापूर्वी अंगठ्याने स्पूल थांबवावा. टेकल्यावर नव्हे, आधी. डोळे रिळाकडे नकोत, उडणाऱ्या वजनाकडे हवेत. ही सवय एकदा लागली की उरलेले सर्व आपोआप जुळत जाते.

दररोज पंधरा-वीस मिनिटे असा सराव पुरतो. अंतर दहावरून पंधरा, मग वीस मीटर करावे. दहापैकी आठ फेका गुंत्याविना होऊ लागल्या, की झाकणातील ब्रेक एका आकड्याने कमी करावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी ब्रेक, नंतर बाजूची कळ. दोन्ही एकदम सैल केल्या, तर बिघाड कशामुळे झाला हे कळत नाही.

गुंता झालाच तर

तो होणारच. अशा वेळी दोर हिसडू नये. ड्रॅगचे चाक आवळावे, अंगठा गुंत्यावर घट्ट दाबावा आणि त्या दाबाखाली हँडलचे दोन-तीन फेरे घ्यावेत. मग स्पूल मोकळा करून दोर हलकेच बाहेर ओढावा. अडकलेले फास बहुधा सपाट होऊन सुटतात. एकदा नाही तर दोन-तीनदा हेच करावे. तरीही एखादे वेटोळे अडले, तर ते कोणत्या वळणाखाली आहे ते पाहून नखाने उचलावे. सुरी लावू नये, स्पूलला ओरखडा पडतो आणि तो पुढे दोर कापतो.

गुंता सुटल्यावर दोर दोन बोटांत धरून तपासावा. जेथे मुरड पडली असेल तेथे तंगूस कमकुवत होतो. तेवढा भाग कापून टाकणे इष्ट. अन्यथा नेमका मोठा मासा लागल्यावर तो तुटतो.

पाण्यावर जाताना

पाण्यावर एक नवा प्रतिस्पर्धी भेटतो, तो म्हणजे वारा. समोरून वारा आला की आमिषाचा वेग झपाट्याने उतरतो आणि गुंत्याची शक्यता वाढते. अशा वेळी ब्रेक दोन आकड्यांनी वाढवावा, वजनदार आमिष लावावे आणि फेक पाण्यालगत, सपाट करावी. पहिल्या दिवशी वारा पाठीशी घेणे शहाणपणाचे.

आमिष परत ओढताना मोकळ्या हाताच्या चिमटीतून दोर जाऊ द्यावा. तो ताणलेला गुंडाळला गेला पाहिजे. पुष्कळसे गुंते फेकीत दिसतात, पण त्यांचे मूळ आधीच्या सैल गुंडाळीत असते.

या रिळाचे श्रम कशासाठी, याचे उत्तरही पाण्यावरच मिळते. कांदळवनाच्या मुळांत लपलेल्या जिताड्यासमोर, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात, आमिष वीतभर जागेत टाकावे लागते. उडत्या आमिषाला अंगठ्याने हवेतच आवर घालून ते हव्या त्या ठिकाणी उतरवता येते. शेवाळाने भरलेल्या तलावात मरळीसाठी रबरी बेडूक फेकताना जाड दोर आणि जोरदार ओढ लागते. तीही या रिळात आहे. मात्र हलक्या आमिषाला स्पिनिंग रीळच बरे. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, असा हा प्रश्न नाही.

जिताड्याविषयी एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. हा मासा सामान्यतः आयुष्याच्या आरंभी नर असतो आणि पुढे मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे गळाला लागलेला थोराड जिताडा बहुधा अंडी देणारी मादी असते. तिला परत पाण्यात सोडणे, हा पुढील हंगामासाठी केलेला साधा हिशेब आहे.

महाराष्ट्रातील अनेक जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा गळ टाकण्यापूर्वी स्थानिक परवानगी घ्यावी. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, अशा संरक्षित ठिकाणी गळ टाकण्याचा विचारही करू नये. पवईसारख्या तलावात मगरी आहेत, हेही विसरता कामा नये.

सुरक्षितता आणि निगा

जोरदार गुंत्यात स्पूल एकदम अडकतो, दोर तुटतो आणि गळांसह आमिष मोकळे सुटते. म्हणून फेकण्यापूर्वी मागे व दोन्ही बाजूंना पाहावे, डोळ्यांवर चष्मा असावा. काठी बहुधा कार्बन तंतूंची असते आणि त्यातून वीज वाहते. विजेच्या तारांखाली फेक करू नये. आकाशात गडगडाट सुरू झाल्यास काठी खाली ठेवून निवारा गाठावा.

खाऱ्या पाण्यावरून परतल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावे. जोराचा फवारा मीठ आत ढकलतो. कोरडे झाल्यावर बेअरिंगला तेलाचा एकच थेंब द्यावा आणि दातऱ्यांना थोडे ग्रीस लावावे. ब्रेकच्या ठोकळ्यांना तेल लागू देऊ नये. रीळ ठेवून देताना ड्रॅग सैल करावा.

तुटलेला तंगूस मागे राहू नये

कोरड्या जमिनीवर शिकण्याचा आग्रह केवळ सोयीसाठी नाही. पाण्यावर शिकणारा नवशिक्या वैतागून गुंता कापतो आणि काठावरच टाकतो. नायलॉन कुजत नाही. तो कांदळवनाच्या मुळांना अडकून वर्षानुवर्षे तसाच राहतो. बगळ्याचा पाय, कासवाची मान, खंड्याचा पंख त्यात गुरफटतो. ओहोटीला चिखलात उतरलेल्या माणसाच्या पायालाही तो वेढतो. मैदानात झालेला गुंता मात्र पिशवीत घालून घरी आणता येतो. कापलेल्या दोराचे बोटभर तुकडे करून ते कचऱ्यात टाकावेत, म्हणजे त्यात काही अडकत नाही.

घड्याळजींनी हे यंत्र घडवले, अभियंत्यांनी त्याला चुंबक आणि चिप दिली. तरीही आमिष पाण्याला टेकण्याच्या आधीचा तो क्षण अजून अंगठ्याकडेच आहे. पहिला आठवडा त्या अंगठ्याला द्यावा, मासा त्यानंतर.